दिवस दहावा

प्रज्ञशील आला तेव्हा लाइट गेलेली.
गुडघ्याला पट्टा, एक चप्पल घासत,
ओट्यावर टेकला आणि खिशातून काढली कुपी.
करंगळीएवढी. तळाशी चिमूटभर पांढरं.
लेबलावर अंगठा ठेवून म्हणाला,
"मावशे, तू हेच बनवते ना वं नागपुरात?"

जवळपास हेच.
पंधरा अमिनो आम्लं, एकाला एक अडकवत जायची,
दर वेळी धुवायचं, मग पुढचं.
आठवं चुकलं तर नववं कितीही नीट बसो,
सगळी सर बेसिनात.
मांढळच्या सातऱ्यावर मिरच्यांचे देठ खुडले
तीच बोटं ही.
किलोमागे पैसे होते. इथे स्कॉलरशिप.

अंगठा काढ, म्हटलं.
त्याखाली लिहिलेलं मला पाठ होतं:
फक्त संशोधनासाठी. माणसासाठी नाही.
"ते तं लिहितेच ना सारे."
बाराशे रुपये. कुहीच्या सामन्यांचं बक्षीस.
मे महिन्यात तीन दिवस कुरिअरच्या पोत्यात;
आत काय शिल्लक असेल
ते मलाही नुसतं बघून सांगता येणार नाही.

मग त्याला सांगितलं, सांगता येईल तेवढं.
उंदराला भूल देतो, पाठीचे केस काढतो,
आठ मिलिमीटरचं गोल कातडं उचलतो.
रोज फोटो, शेजारी पट्टी ठेवून.
अर्ध्यांना हे, अर्ध्यांना मीठपाणी.
मीठपाण्यावालेही भरून येतात,
दोन दिवस उशिरा.
"म्हंजे दोन दिवस तं वाचतात!"
त्याच्या डोळ्यांत लगेच मैदान, रेघ, चढाई.

तुझा गुडघा म्हणजे उंदराची पाठ नाही रे.
किती टोचायचं, कुठे, किती दिवस,
आणि सहा महिन्यांनी काय,
हे विकणाऱ्याला माहीत नाही. मलाही नाही.

आतून माय:
"पीएचडी करून रायली, अन् पोराचा गुडघा नाई जोडता येत?"
ती सूप घेऊन बाहेर आली.
चाळीस वर्षं तिखट खाल्लेली बोटं,
रात्री ताकात बुडवून बसायची ती.
रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही.
पुन्हा ठेवा, म्हणतं मशीन. दुसरं बोट ठेवा.
माय परकराला पुसते, पुन्हा ठेवते,
मागची रांग चुळबुळते.
कातडं दर वेळी परत आलं,
रेषा आल्या नाहीत.
यावर पेपर लिहायचा तर
तुलनेला कोणाला घ्यावं?
सातऱ्यावरच्या सगळ्यांचीच बोटं अशी.

प्रज्ञशीलनं कुपी उन्हाकडे धरली,
हलवली, पुन्हा खिशात घातली.
उद्या माझ्यासोबत मेडिकलला येतो म्हणाला,
फोटो काढायला. येईल की नाही, कोण जाणे.

उठता उठता थांबला.
"मंग त्या उंदराचं काय होते?"

वहीत नवव्या दिवसापुढे लिहिते: जखम बंद.
दहाव्या दिवशी, किती नीट भरली
ते आतून बघायचं असतं,
आणि आतून बघण्याचा एकच रस्ता आहे.
घरी हे कधी बोलले नाही.

बरा होते, म्हटलं.

तो लंगडत गोठ्याच्या पलीकडे गेला.
लाइट आली. पंखा आपोआप फिरायला लागला.
माय सूप पाखडतच होती.