शेपटीवरचा माणूस

ओडलिंगच्या गॅरेजात मी कधी गाडी पाहिली नाही.
तिथे एक विमान उताणं पडलेलं असतं,
जुन्या रजईवर, पोट वर करून,
स्पिटफायर, एकास पाच.
हॉर्नकॅसलचा फेब्रुवारी दाराच्या फटीतून आत येतो
आणि गोंद वाळत नाही.

मी कवळ्या बनवायचे. चौतीस वर्षं.
निवृत्त झाले, पण बोटांना कुणी कळवलं नाही,
म्हणून तो कुंपणावरून हाक मारतो,
"कूमूड, जरा येतेस? डावं चाक आत जात नाही."

या जातीचे पाय एकमेकांजवळ उगवतात
आणि दुमडताना बाहेर जातात,
मांडी घालणाऱ्या माणसाच्या नेमके उलट.
मी निळा कागद नेते, दातांमध्ये धरतात तो.
चाक आणि खोबणीच्या मध्ये धरते. म्हणते, चाव.
तो स्विच दाबतो. पाय कण्हत मिटतो, उघडतो.
रबरावर निळा ठिपका.
इथे उंच आहे.
कानशीचे चार हात. पुन्हा. चाव.
संध्याकाळपर्यंत ठिपका नाहीसा होतो
आणि आमचा चहा तिसऱ्यांदा गार.

इंजिन अडतीस सीसीचं, करवतीच्या घराण्यातलं.
झाडं कापायची ती जात, आता नाकात उलटी टांगलेली.
फळीवर चार बोल्ट, बोल्टांखाली वॉशर,
दोन अंश उजवीकडे, दोन खाली.
"सरळ जायचं तर वाकडं बसवावं लागतं," तो म्हणतो.
मला हे कुणी शिकवायला नको.
ओळीत लावलेले दात कुणालाच खरे वाटत नाहीत.

मग पंखांखाली दोन दोन बोटं लावून आम्ही ते उचलतो
आणि शेपटी धप्पकन खाली.
दर वेळी.
"म्हातारा अजून उतरलेला नाही," ओडलिंग म्हणतो.

म्हातारा म्हणजे हर्बर्ट, त्याचा बाप.
एकोणिसाव्या वर्षी इथून नऊ मैलांवरच्या तळावर
फिटर होता. इंजिन तापवताना नाक आपटू नये
म्हणून शेपटीवर आडवा पडायचा,
तोंडात धूळ, टोपी दातांत धरलेली.
स्वतः कधी उडाला नाही.
उडणाऱ्यांचे पाय बसवले, इंजिनं बसवली.
जे परतले नाहीत त्यांचं विचारलं
की पुढची पन्नास वर्षं एकच सांगायचा:
"माझ्याकडचे बोल्ट घट्ट होते."
कुणी बोल्टांचं विचारलेलं नसायचं.

चारशे दहा ग्रॅम शिसं लागलं नाकात.
टायरवाल्याकडची जुनी वजनं मी वितळवली,
प्लास्टरच्या साच्यात ओतली,
इंजिनाच्या बुडाशी चपखल बसेल अशी,
खालच्या जबड्याच्या आकाराची.
आता बोटांवर विमान आडवं राहिलं.
आम्ही दोघं श्वास धरून.

मेमध्ये जुन्या धावपट्टीच्या तुकड्यावर गेलो.
बाकीच्या धावपट्टीवर आता बीट लावतात.
सगळं मोजून एकास पाच केलं होतं,
वारा तेवढा पुऱ्या मापाचा आला.

चढलं. उजवा पाय मिटला, मग जरा विचार करून डावा.
ओडलिंग काही बोलला नाही,
अंगठे तेवढे हलत होते.
चार फेऱ्या. पाय खाली, दोन्ही,
मी खिशातला निळा कागद चुरगाळलेला.
टेकलं ते छान टेकलं.
मग आडवा झोत आला,
शेपटी उचलली गेली, नाक गवताकडे,
आणि हा ब्याहत्तर वर्षांचा माणूस
रिकाम्या शेतात ओरडला,
"बस, डॅड! बस खाली!"

शेपटी बसली.

आम्ही चालत गेलो, घाई न करता.
प्रॉपेलरच्या एका पात्याचं टोक हिरवं झालं होतं.
त्याने रुमालाने पुसलं,
मग पान्याने चारही बोल्ट तपासले,
एकेक, दोनदा.