करकर

हातमोजा त्यानं पाटावर ठेवला
आणि मी आधी वास घेतला.
गाईचं कातडं. रसायनात कमावलेलं, घाईत.
बाभळीची साल नाही, हिरडा नाही.
पण शिवण सरळ. परक्याचं काम चांगलं असलं
तर तोंडानं चांगलं म्हणावं, आबा सांगायचे.
आबा, म्हणजे याचे आजोबा,
ज्यांनी याचं तोंड बघितलं नाही.

हा माझा भाचा, एल्रॉय जोतिबा मार्तिना.
बेसबॉल खेळतो, अमेरिकेत, पगारावर.
पाठीवर फक्त मार्तिना मावतं.
केस बापाचे, दाट कुरळे. नाक आमचं,
मधी जरा बसकं; बायजामावशीनं
सुभाषनगरच्या कोपऱ्यावरूनच ओळखलं.
पोरं मागं लागली, "भावा, क्रिकेटात ये की!"

बहीण माझी, अनशी, मिरजेला नर्सिंग शिकली,
हॉलंडला गेली. तिथं पाय मोडून आलेला
एक वेल्डर, कुरासाव बेटावरचा.
पाय जुळला, माणूस गेला नाही.
ते बेट नकाशात माझ्या नखाखाली झाकतं.

"बाबांच्या पणज्याच्या पणज्याला तिथं
जहाजातून आणून विकलं," हे त्यानं
पांढरा रस्सा ओरपताना सांगितलं, सहज,
जसं आम्ही सांगतो की आमचा पणजा
विहिरीपासून लांब उभा राहून पाणी मागायचा.
माझी धाकटी रेवती मधी बसून
त्याच्या इंग्रजीचं मराठी करत होती.
तिनं दोन्ही वाक्यं केली आणि गप्प झाली.
आम्ही थोडा वेळ हाडं चोखली.
मग तो म्हणाला, तिकडंही बोकडच असतं,
आज्जी कच्ची पपई घालते.
"तिखट?" "एवढं नाही." डोळे गळत होते.

मराठी त्याला तीनच वाक्यं येतात:
जेवलास का. दार लाव. रडायचं नाही.
पहिलं ऐकून मी मागं वळून बघितलं,
इतका तिचा सूर.

मैदानात कुठं उभा राहतोस, विचारलं.
त्यानं चपला मांडल्या. हा पहिला बेस,
हा दुसरा, हा तिसरा.
मी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधी. बेसवर नाही.
"मग पाय कुठं ठेवायचा?"
"चेंडू येईल तिकडं, मामा."
मला पटलं नाही. पाय ठेवायला तळ लागतो,
आमचा धंदाच त्यावर.

तेव्हा माळ्यावरचं पोतं उतरवलं.
अनशी वर्षाला एक पत्र टाकायची.
आबा फोडायचे नाहीत. एकदा पाकीट
दिव्यासमोर धरलं, तर आत पाऊल,
पेन्सिलीनं गिरवलेलं, बोटं वाकडी.
तिथून पुढं फोडायला लागले.
पत्र न वाचता बाजूला, पावलाचा कागद घ्यायचा,
रापी चालायची. पोस्टात मात्र कधी गेले नाहीत.
कापशी, बारीक वेणी, अकरा जोड.
पहिला माझ्या तळहातावर मावेल एवढा.
"सहावा नाही," मी सांगून टाकलं.
"पुराच्या साली चूल थंड होती.
महाद्वार रोडला पुण्याच्या बाईनं घेतला,
वीस रुपये कमी करून."

तो हसला. रेवतीही.
मग उठून गटाराच्या कडेला उभा राहिला, पाठमोरा,
आणि तिसरं वाक्य कुणाला तरी म्हणत होता.

मोज्याची तुटकी दोरी मी काढली.
म्हशीची वादी घातली, आपली, सालीत कमावलेली.
पैसे द्यायला लागला, तेव्हा दुसरं वाक्य मी वापरलं.

आता पहाटे साडेचारला फोन लावून बसतो.
खेळ कळत नाही. डावा हात तेवढा बघतो.
वादी टिकली का, विचारायला लावलं.
उत्तर आलं, रेवतीनं जांभई देत वाचलं:
टिकली. पण करकरते.
शेजारचा खेळाडू कावतो.

तेल लावू नको म्हणावं.