गळ्यातले दोन खिळे

ओउलूत मार्चपर्यंत समुद्रावरून चालत जाता येतं.
ऐला हिएताला रोज जाते, दुपारी, राईचा पाव संपवून,
गळ्यात दोरीला दोन खिळे, लाकडी मुठींचे.
बर्फ फुटला तर काठावर रोवायचे
आणि स्वतःला ओढायचं बाहेर.
"फुटणारच नाही असं धरून चालणारे," ती म्हणते,
"वसंतात सापडतात."

त्या दिवशी माझा ड्रायव्हर अकराव्यांदा कोसळला.
कर्सर थिजलेला, पंखा मात्र घरघरतोय.
मी पॉवरचं बटण दाबून धरलं
ढेकूण चिरडावा तसं.
यंत्र उठलं तेव्हा तीन दिवसांचं काम
शून्य बाइटची फाइल होऊन पडलं होतं.
नाव शाबूत. आत काही नाही.

ऐला रागावली नाही.
तिनं एक जुना लॅपटॉप आणून शेजारी ठेवला,
दोघांमध्ये करडी केबल, करंगळीएवढी जाड.
"मरणाऱ्याला स्वतःच्याच वहीत लिहायला लावू नये, तुओमो.
त्याचं शेवटचं बोलणं ऐकायला
बाजूला कुणीतरी जागं हवं."

मग बोटं शिकवली.
ऑल्ट, सिसरिक्वेस्ट, आणि एकेक अक्षर,
प्रत्येकानंतर एक श्वास.
आधी कळफलक परत मिळव.
चालू कामांना सांग, आवरा आता.
जे ऐकणार नाहीत त्यांना...
ते तुला कळलंच.
मग एस. हवेत लटकलेलं सगळं डिस्कवर टेकू दे.
"इथे थांब. थांबायचं म्हणजे थांबायचं."
मग यू: वाचा हवं तर, लिहू नका कुणी.
पाण्यातून निघालेला माणूस लगेच उभा राहत नाही.
आडवा पडून लोळत जातो आल्या वाटेनं,
तेवढ्याच बर्फानं त्याचं वजन तोललेलं असतं.
शेवटी बी.

बाविसाव्या वेळी केबलमधून ओळी उतरल्या,
कुणी कुणाला हाक मारली त्याची साखळी.
तळापासून वर वाचत गेलो तर मीच भेटलो, ओळ एकशे त्र्याण्णव:
दाराला कुलूप घालून, किल्ली मुठीत धरून
झोपी गेलो होतो,
आणि बाहेर सगळे ताटकळत.

कधी अक्षरंही ऐकत नाहीत.
परवा तसंच झालं. बटणच दाबलं शेवटी, आणि डिस्क तपासायला लावली.
हरवलेल्यांच्या फोल्डरमध्ये एक तुकडा निघाला,
नावाच्या जागी नुसता आकडा.
आत माझीच जुनी टीप:
इथे कुलूप सोडलंय का, उद्या बघू.

ऐलाला दाखवली. ती कोट चढवत होती,
खिळे एकमेकांवर आपटले.
"चल," म्हणाली, "आज बर्फ काळपट दिसतोय.
काठाकाठानं जाऊ."