एका शर्टाला बारा

दहावीपर्यंत मोल म्हणजे किंमत.
अकरावीत लोबो मिसनी फळ्यावर लिहिला तो मोल वेगळा,
दहाच्या खांद्यावर तेवीस बसवलेले.
मी वहीत उतरवला
आणि समोर कंसात लिहिलं: महाग.

सगळं इंग्रजीत. शब्द कानाशी यायचे
आणि ओळख न दाखवता पुढे जायचे.
स्टॉइकिओमेट्री. लिमिटिंग रिएजंट.
शेवटी मिसच वसईच्या मराठीत म्हणाल्या,
"अरे, जो पहिला संपेल ना, तो मालक.
बाकीचे कितीही असू देत, बसून राहणार."

प्रयोगशाळेत तांडेलकाकांनी
मॅग्नेशियमची फीत कात्रीने कापून दिली,
प्रसाद वाटावा तशी, हात आखडून.
आम्लात टाकली. फसफसली.
परीक्षानळी बोटांना कोमट लागली.

मग गणित:
मॅग्नेशियम दोन पॉइंट चार ग्रॅम,
आम्ल तीन पॉइंट सहा पाच.
मी हात वर केला. मॅग्नेशियम कमी, तेच संपणार.
"वजनावर जाऊ नकोस. एकाला दोन लागतात. मोज."
मोजलं.
वजनाला जास्त होतं तेच आधी संपलं
आणि निम्मं मॅग्नेशियम तळाशी तसंच,
वाढपी फिरकलाच नाही अशा पंगतीसारखं.

असल्फ्याच्या चढावर आमची खोली.
पारेखशेठचा माणूस गठ्ठा टाकून गेला होता:
चाळीस शर्ट, तीन ग्रोस बटणं.
काजं रुबिनाचाची करते, बटणं आई लावते.
एका शर्टाला बारा.
पुढे सात, कॉलरला दोन, कफांना दोन,
आणि एक आतल्या शिवणीवर, नुसतंच,
कुणाचं तरी कधीतरी तुटेल म्हणून.

मी वही काढली. समीकरण मांडलं,
बाण काढला, बाणाला टोक काढलं.
चारशे बत्तीस भागिले बारा...
"छत्तीस," आई दाताने दोरा तोडत म्हणाली.
"चार उघडे राहणार."
शेठचा माणूस पायऱ्या उतरायच्या आधीच
तिला ते ठाऊक होतं.

"आणि आतलं बटण नाही लावलं तर?"
"एकोणचाळीस. वर तीन बटणं उरतील."
सुई शर्टात गेली, बाहेर आली.
"पण लावायचं."

नगाला दीड रुपया. तीन नगांचे साडेचार.
मी मोल या शब्दाखाली रेघ मारली,
जुन्या की नव्या, ते आता आठवत नाही.

दहाच्या पुढे ट्यूबलाइट चांगली चालू असताना
सुई माझ्यापुढे आली. "ओव."
ओवली.
थोड्या वेळाने परत आली.
बटणं होती, दोरा होता, शर्ट होते.
त्या रात्री सहा वेळा ओवली.

चाचणीत उत्तर बरोबर आलं, अर्धा गुण गेला.
शून्य पॉइंट शून्य पाच.
पुढे लाल शाईत मिसचा प्रश्न: काय? बटाटे?

आईने पेपर हातात घेतला,
हात लांब केला, अजून लांब,
मग मलाच परत दिला. "काय म्हणतात बाई?"
"काय मोजलंस ते लिहिलं नाहीस, असं."
"मग लिहायचं ना," आई म्हणाली,
आणि डबीतली बटणं
पुन्हा मोजायला घेतली.