चालता येतं, तरी

खरं सांगते, मला चालता येतं.
रोज पहाटे सूरसागरला तीन फेऱ्या,
पाण्यातल्या महादेवाला काठावरूनच हात जोडून.
गेल्या चैत्रात पावागढ, रोपवे सोडून पायऱ्यांनी.
गुडघे माझे अजून माझ्या ऐकण्यातले.

पण निनादनं तिकिटावर परस्पर लिहून टाकलं:
व्हीलचेअर.
"आई, तिथं ऐनवेळी गेट बदलतं,
विमानतळाच्या पोटातच रेल्वे धावते. गोंधळशील तू."
इंग्रजी येत नाही, असं म्हणाला नाही.
शहाणा आहे पोर.

हरणीच्या विमानतळावर
खुर्ची घेऊन आला तो ओळखीचाच निघाला,
दांडिया बाजारातल्या सेव-उसळवाल्याचा पुतण्या.
"मावशी, तुम्ही? पायाला काय झालं?"
म्हटलं, पायाला काही नाही रे,
इंग्रजी दुखतंय.

मग मुंबई. तिथं लसणाची चटणी गेली.
डबा नाकाशी धरून पोलिसाणबाई म्हणाली, छान झालीये,
आणि टोपलीत टाकली.
मग ते मोठं, अबुधाबी की दोहा,
मी अजून चुकते.
काचेपलीकडे विमानं उभी,
पाण्यावर आलेल्या म्हशींसारखी,
आणि अलीकडे आम्ही सहाजणी
सहा खुर्च्यांत, खांबाकडे तोंड करून,
गळ्यात पाट्या.
वेळ विचारायची तर कुणाला, आणि कशात?

माझी खुर्ची ढकलणारा युगांडाचा, ओकेलो.
मला "मामा, मामा" म्हणायचा.
आधी वाटलं, चेष्टा करतोय.
मग आणंदच्या भानुबेननं सांगितलं,
तिचा दीर कंपालात होता,
तिकडे आईला म्हणतात तसं.

ओकेलो गेला दुसऱ्या विमानाकडे.
तासभर कुणी फिरकलं नाही.
भानुबेननं चपला काढल्या,
खुर्चीतच मांडी ठोकली, म्हणाली,
"पग तो सारा छे, बेन. आ तो छोकराए लखाव्युं."
मी म्हटलं, माझ्याही मुलानंच.
जालंधरची हसली. विजयवाड्याच्या बाईला
आमचं एक अक्षर कळत नव्हतं,
तिनं नुसता साडीचा काठ वर केला
आणि दोन्ही पावलं हलवून दाखवली.

थेपले निघाले. लाडू निघाले.
मग कुणालातरी लघवीला लागली
आणि आम्ही सहाच्या सहा उठून गेलो,
एकमेकींचे पदर धरून,
बाईचं चित्र शोधत.

परत आलो तर ओकेलो
सहा रिकाम्या खुर्च्यांपुढे उभा,
एखाद्या पिराला एकदम सहा नवस फळावेत, तसा.
आम्हाला चालत येताना पाहिलं
आणि कमरेत वाकून हसला.
बारा तासांची पाळी त्याची.
त्या अख्ख्या विमानतळावर
सगळ्यात जास्त चालला असेल तर तोच.
मी माझी खुर्ची दाखवली, बस म्हटलं, मराठीत.
बसला.
मी दोन पावलं ढकललंही.
मग वरच्या कॅमेऱ्याकडे बघून
ताडकन उठला, आणि मी मुकाट बसले.

टोरंटोला दारं सरकली.
बर्फाचा वास आला, किंवा मला वाटलं तसं.
निनाद कठड्याशी, हातात फुलं.
त्यानं मला पाहिलं, खुर्चीत,
मांडीवर पर्स, गळ्यात पाटी,
आणि ज्यानं खुर्ची मागवली होती
त्याचाच चेहरा उतरला.
अगदी सातवीत नापास झाला तेव्हासारखा.
मी उठले तशीच.
पाटी गळ्यात, चालत गेले त्याच्यापर्यंत.

इथं शेजारणी विचारतात, काय काय पाहिलंत?
मी नायगारा सांगते. मॉल सांगते.
परतीच्या तिकिटावर मीच म्हटलं, लिही रे, व्हीलचेअर.
दुसराच कुणीतरी आला ढकलायला.
ओकेलोसाठी आणलेला मेपलचा बिस्किटपुडा
शेवटी सेव-उसळवाल्याच्या पुतण्यानं खाल्ला.

आता तिसरी फेरी.
डावा गुडघा हल्ली जरा बोलू लागलाय.
मराठीतच बोलतो,
त्यामुळे समजतं.