तोंडओळख

ग्रोनिंगनच्या इस्पितळात, तळघरातल्या प्रयोगशाळेत,
वीत्स्केला माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत.
लपवत नाही ती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली,
"चष्मा बदललास तर आधी सांग."
योस्ट तिला कळतो किल्ल्यांच्या आवाजावरून,
डॉक्टर तेर्प्स्ट्रा, ओढत टाकलेल्या डाव्या पायावरून.

सकाळी कान-नाक-घशाच्या विभागातून बर्फात येतात
कुणा पोराचे काढलेले टॉन्सिल.
ती जाळीवर चोळते, पेशी सुट्या करते.
भिंगाखाली सगळ्या गोल, सगळ्या सारख्या,
शेंगेतून मटार सांडावेत तशा.
"आता कळलं ना," ती म्हणते,
"मला स्टेशनवर काय दिसतं ते?"

उंदराची प्लीहा आणि एक न मरणारी गाठ,
दोघींच्या पेशी आम्ही एकमेकींत मिसळल्या:
एकीने आणायची ओळख, दुसरीने आयुष्य.
मग शहाण्णव खळग्यांच्या बश्या. खळग्यात एकच पेशी टाकायची,
म्हणजे पुढचं सगळं कुळ एकीचंच.
बहुतेक खळगे मुके. काहींत बुरशी.
एक बशी योस्टने सांडली, आणि शपथेवर नाही म्हणाला.

अकराव्या बशीतला जी-सात.
अंधाऱ्या खोलीत तिने मला दंडाला धरून नेलं.
शंभरातल्या सात-आठ पेशींभोवती हिरवी कड,
चंद्राला खळं पडावं तशी.
बाकीच्या काळोखात, होत्या तिथेच.
"ह्या प्रतिपिंडाला पेशी नाही कळत," ती हळूच म्हणाली,
"तिच्या अंगावरचा एक उंचवटा कळतो. तेवढाच.
तेवढ्यावर भागतं."

त्या उंचवट्याचं काम काय, कुणालाच माहीत नव्हतं.
वहीत नुसतं लिहिलं: जी-सात.

शुक्रवारी ती लेवार्डनला जाते. फलाटावर आई
नारिंगी हातमोजा वर धरून उभी असते. उन्हाळ्यातही.
तीस वर्षांत दोघी त्याबद्दल बोललेल्या नाहीत.

मार्चमध्ये एका रुग्णाच्या रक्तात
जी-सातने काहीच दाखवलं नाही.
दुसऱ्या दोन प्रतिपिंडांच्या साक्षीने पेशी त्याच होत्या,
खूण तेवढी पुसून बसल्या होत्या.
वीत्स्केने बराच वेळ भिंगावरचा डोळा काढला नाही.
मग म्हणाली, "गेल्या आठवड्यात आईचा मोजा बसमध्ये राहिला.
मी तिच्या शेजारून सरळ पुढे गेले."

"मग?"

"मग काय. मागून खोकली ती.
एकाच खुणेवर विसंबू नये," म्हणत
तिने बारावी बशी पुढ्यात ओढली.