कांडपाची वही

शनिवार पेठेत माझं मिरची-कांडप.
मार्च ते मे बायका डबे घेऊन रांगेत.
ब्याडगी रंगाला, लवंगी जाळाला,
संकेश्वरी दोघींचं भांडण मिटवायला.
डबा उघडला की घर कळतं मला:
हा मगदुमांचा, धने जास्त,
हा चिवट्यांचा, लसूण हात सोडून.

कांडलेली चटणी बोटाच्या टोकावर घेते,
जिभेला टेकवते, थुंकते.
सात वर्षं.
गिऱ्हाइकांना वाटतं, धंद्याची रीत असेल.

डॉक्टर नेर्लेकरांनी पडद्यावर आतडं दाखवलं,
लालभडक, जागोजागी सोललेलं.
मला आपलं उखळच आठवलं,
संध्याकाळचं, पुसायच्या आधीचं.
"तिखटानं झालं?"
"नाही. कशानं, ते नक्की सांगता येत नाही."
हो म्हणाले असते तर बरं होतं,
शिवी द्यायला काहीतरी हाताशी राहिलं असतं.

आहाराच्या अस्माबाई म्हणाल्या,
दुसऱ्याची यादी तुमच्या पोटाला लागू नाही.
खाल्लेलं लिहा, झालेलं लिहा.
वही मला नवी नाही. दोन रकाने पाडले.

सोमवार. मऊ भात, तूप, मीठ. सहा वेळा. शेवटी रक्त.
मंगळवार. तेच. एकदा.
गुरुवार. गंगावेशीतलं धारोष्ण दूध, हट्टानं, अर्धा पेला. रात्रभर.
रविवार. भाचीच्या बारशाला वाटीभर पांढरा रस्सा, भीत भीत.
काही नाही.
(काही नाही, खाली दोन रेघा.)
पुढचा रविवार. तोच रस्सा, तीच वाटी.
बुधवारपर्यंत अंथरूण.

दहा रुपयांची चूक मी रात्री उठून शोधून काढते,
इथं सात वह्या झाल्या, ताळा बसत नाही.

जाऊबाई म्हणतात ताक पी,
ताक बंद केलं की म्हणतात, म्हणून तर होतंय.
"कोल्हापूरची पोरगी आणि तिखट सोसत नाही म्हणती!"
सगळे हसतात. मीही हसते,
जपून. जोरात हसणं परवडत नाही.

एप्रिलात एक पोरगा आला, तालमीतला,
मोडके कान, खांद्यावरनं ओघळलेला शर्ट.
आईचा डबा घेऊन रांगेत सातवा.
मिरचीचा घाम नाकावर येतो.
ह्याचा कानामागनं उतरत होता, गार,
आणि तो एका पायावरनं दुसऱ्या पायावर,
दारापर्यंतची पावलं मोजत असल्यागत.

मी खिळ्यावरची किल्ली काढून तळहातावर ठेवली.
"मागं. बादली भरलेली आहे. कडी घट्ट बसते."
तो गेला तसं सगळे डंक चालू केले,
उखळात एक मिरची नसताना.
लोखंडावर लोखंड, धाड धाड,
रांगेतल्या बायकांना एकमेकींचंही ऐकू येईना.
वीस मिनिटांची वीज फुकट.
फुकट कशी म्हणू.

आला, नजर फरशीवर.
"किती वर्षं, ताई?"
"सात."
"मला अकरा महिने. वस्ताद म्हणतात, खुराक वाढव.
बदाम, दूध, अंडी. वाढवतोय.
वजन चौदा किलो उतरलं."
"सांगितलंस त्यांना?"
"काय सांगू? पैलवान झाडाला..."
पुढचं त्यानं गिळलं.

वहीचं मधलं पान सोडवून दिलं.
मधोमध रेघ. वर डॉक्टरांचा नंबर.
"इथं खाल्लेलं, इथं झालेलं."
"लिहून काय कळतं?"
खोटं बोलायचं जिवावर आलं.
"डॉक्टरांना कळतं थोडं.
आणि पान उघडलं की आपण एकटे बडबडतोय असं वाटत नाही."
घडी घालून त्यानं डब्यात टाकली,
दगडफुलावर.

त्याच्या आईची चटणी कांडली,
दीड किलो, झणझणीत, घरच्या बाकीच्यांसाठी.
बोटावर घेतली, जिभेला टेकवली.
का कुणास ठाऊक, थुंकायचं राहून गेलं.

शुक्रवार. भात, मुगाचं वरण, चिमूटभर भोपळ्यांची चटणी.
उजवा रकाना कोरा आहे.
अजून रात्र जायची आहे.